गळा आणि गुरू

वाशीम जिल्ह्यातील एका संगीतवर्गात काही काळापूर्वी तासभर बसण्याचा योग आला. नऊ वर्षांच्या मुलीपासून ओठांवर मिसरूड फुटलेल्या मुलापर्यंत सारे विद्यार्थी एकाच पेटीवर, एकाच काळी चारमध्ये भूप म्हणत होते. परीक्षा तोंडावर आली होती. चौदा वर्षांच्या एका मुलाचा तार षड्ज वारंवार फुटत होता आणि ‘जोर लाव’ याखेरीज त्यास काही सांगितले जात नव्हते. पुढील महिन्यात त्याने वर्ग सोडल्याचे कळले.

वयात येताना स्वरयंत्र वाढते, स्वररज्जू लांब व जाड होतात आणि मुलाचा आवाज जवळजवळ सप्तकभर खाली उतरतो. मुलींच्याही आवाजात फरक पडतो, परंतु तो थोडा. या संधिकाळात वरच्या सुरांवर बळजबरी केली, तर गळा दुखावण्याचा धोका असतो. बंदिशी व ताना पाठ करून घेणाऱ्या शिक्षकास एवढे ठाऊक असावे, ही अपेक्षा अवाजवी खचितच नव्हे.

आवाज हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे, हे आपल्याकडे आग्रहाने सांगणाऱ्यांत प्रा. बी. आर. देवधर अग्रभागी होते. 1901 मध्ये मिरजेस जन्मलेले देवधर विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. 1925 साली त्यांनी मुंबईत स्वतःचे संगीत विद्यालय काढले. पाश्चात्त्य संगीताचाही त्यांनी अभ्यास केला आणि आवाज जोपासण्याच्या शास्त्रास उभे आयुष्य दिले. त्यांच्याकडे कुमार गंधर्व अकरा-बारा वर्षांचे असताना आले. थोर गवयांच्या ध्वनिमुद्रिकांची हुबेहूब नक्कल करणारा हा बालगायक तेव्हाच गाजलेला होता. अशा शिष्यास आपल्याच साच्यात ओतण्याचा मोह एखाद्या गुरूस आवरला नसता. देवधरांच्या विद्यालयात मात्र नाना घराण्यांचे उस्ताद येत, गात. मुलाने सर्वांचे ऐकावे आणि आपले गाणे आपण शोधावे, अशी मोकळीक तेथे होती. पुढे क्षयाने एक फुप्फुस निकामी झाल्यावरही, छोट्या व तेजस्वी स्वरवाक्यांची जी गायकी कुमारांनी उभी केली, तिचे सारे श्रेय गुरूस देणे अतिशयोक्तीचे होईल. पण अनुकरणातून बाहेर पडण्याची वाट त्यांना तेथे सापडली, हे निश्चित. आवाजशास्त्राची हीच परंपरा देवधरांचे शिष्य डॉ. अशोक रानडे यांनी पुढे चालविली.

वऱ्हाडास मोठे गाणे परके नाही. कारंज्याहून ‘शकुंतला’ गाडी ज्या मूर्तिजापुरास जात असे, तेथेच 1920 साली वसंतराव देशपांडे जन्मले. तथापि त्यांच्या गळ्यावरील संस्कार नागपूर, लाहोर, पुणे अशा दूरदूरच्या ठिकाणी झाले. सर्वांनाच गाव सोडता येत नाही. म्हणून तालुक्याच्या शिक्षकासाठी चार दिवसांचे आवाजसाधनेचे शिबिर भरावे, परीक्षकाने विद्यार्थ्याची पट्टी आधी विचारावी, आणि आवाज फुटत असलेल्या मुलास परीक्षा वर्षभर पुढे ढकलण्याची मुभा द्यावी. यात खर्चाचा प्रश्न फारसा येत नाही.

त्या मुलाची मध्यंतरी पुन्हा चौकशी केली. आवाज आता स्थिरावला आहे, काळी एकमध्ये मोकळा लागतो, असे त्याची आई म्हणाली. वर्गात मात्र तो परत गेलेला नाही.