‘टू’ योजावे की ‘इंग’?

जळगाव-धुळे परिसरातील अनेक मुलांची घरची भाषा अहिराणी, शाळेची मराठी आणि नोकरीच्या अर्जाची इंग्रजी असते. महाराष्ट्रात सन २००० पासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकविली जाते. तरीही क्रियापदानंतर ‘टू’ योजावे की ‘इंग’, या प्रश्नापाशी पदवीधरही अडखळतात.

याचे एक कारण मराठीच्या वळणात आहे. ‘मला पोहायला आवडते’ आणि ‘तो पोहायला शिकतो’ या दोन्ही वाक्यांत ‘पोहायला’ हेच रूप येते. त्यामुळे ‘पोहायला’ म्हणजे ‘टू स्विम’ असे समीकरण मनात ठसते आणि ‘आय एन्जॉय टू स्विम’ असे चुकीचे वाक्य तयार होते. इंग्रजीत ही निवड आधीचे क्रियापद करते. एन्जॉय, अव्हॉइड, फिनिश यांच्यापुढे ‘इंग’ येते. वॉन्ट, होप, डिसाइड यांच्यापुढे ‘टू’.

काही क्रियापदांना दोन्ही रूपे चालतात, मात्र अर्थ बदलतो. येथे मराठीच मदतीला येते. जळगावहून धुळ्याला जाताना पारोळ्यास कोणी ‘चहा प्यायला थांबला’, तर ‘स्टॉप्ड टू ड्रिंक टी’. त्याने ‘चहा पिणे थांबविले’, तर ‘स्टॉप्ड ड्रिंकिंग टी’. ‘अर्ज पाठवायचे लक्षात ठेवा’ म्हणजे ‘रिमेंबर टू सेंड’. ‘अर्ज पाठविल्याचे आठवते’ म्हणजे ‘रिमेंबर सेंडिंग’. काम व्हायचे असेल तर ‘टू’, झालेले असेल तर ‘इंग’.

अर्जाच्या शेवटी येणाऱ्या ‘लुक फॉरवर्ड टू’मधील ‘टू’ मात्र शब्दयोगी अव्ययासारखा आहे. म्हणून त्यापुढे ‘मीट’ नव्हे, ‘मीटिंग’ हवे. लांबलचक याद्या पाठ करण्यापेक्षा प्रत्येक क्रियापद त्याच्या जोडीच्या रूपासह, छोट्या वाक्यातच शिकावे.