करमाळा : चार गट, एक जलाशय

करमाळा तालुक्यात भीमेच्या काठाने निघालात तर गावांच्या नावापुढे आकडे दिसू लागतात. वांगी एक, वांगी दोन, वांगी तीन. केतूर एक, केतूर दोन. चिखलठाणचेही तसेच. भीमेवरचे उजनी धरण 1980 साली पूर्ण झाले, पाणी चढले, जुनी गावठाणे त्याखाली गेली आणि माणसे उंचावर सरकली. कुणी पाव्हण्यांच्या मळ्याजवळ घर बांधले, कुणी सरकारने आखून दिलेल्या प्लॉटवर. गावाचे तुकडे झाले, पण नाव सोडायला कुणी तयार नव्हते, म्हणून आकडे आले. ग्रामपंचायतीच्या पाट्यांवर ते आजही आहेत आणि मतदार यादीतही.

2024 च्या विधानसभेच्या निकालाला वर्ष होत आले तेव्हा संपादकांनी करमाळ्यावर लिहायला सांगितले. त्यांना चार गटांची गोष्ट हवी होती, आणि गोष्ट खरोखर चार गटांची आहेच. पण पाणी समजून घेतल्याशिवाय हे गट समजत नाहीत.

पूर्वेतिहास थोडक्यात. सुरुवातीच्या दशकांत इथल्या काँग्रेसवर नामदेवराव जगतापांची पकड होती. पुढे हा मतदारसंघ राखीव झाला. 1972 मध्ये निवडून आलेले तायप्पा सोनवणे यांचे निधन झाले आणि 1974 च्या पोटनिवडणुकीत पोलिसातली नोकरी सोडून आलेला एक तरुण इथून आमदार झाला. ते सुशीलकुमार शिंदे. पुढे मुख्यमंत्री आणि केंद्रीय गृहमंत्री झालेल्या या माणसाची विधानसभेतली पहिली पायरी करमाळा. 1978 पासून मतदारसंघ खुला झाला, आणि नंतर हळूहळू इथले राजकारण पक्षांच्या हातून घरांच्या हातात गेले.

1990 ला जयवंतराव जगताप. 1995 ला मांगीचे दिगंबरराव बागल, तेही अपक्ष म्हणून. 1999 ला पुन्हा तेच. 2004 ला जगताप परत आले. 2009 ला दिगंबररावांच्या पत्नी श्यामल बागल राष्ट्रवादीकडून आमदार झाल्या. 2014 ला जेऊरचे नारायण पाटील, 2019 ला संजयमामा शिंदे, 2024 ला पुन्हा नारायण पाटील. इथे कुणी 'शिवसेनेचा' किंवा 'राष्ट्रवादीचा' म्हणत नाही. नारायण पाटलांचा आबा गट, संजयमामांचा मामा गट, बागल गट, जगताप गट. एवढे सांगितले की समोरच्याला सोयरीक, कारखाना आणि सोसायटीचा चेअरमन, सगळे कळते.

चिन्हांकडे पाहा. नारायण पाटील 2014 ला शिवसेनेचे, 2019 ला अपक्ष, 2024 ला राष्ट्रवादी शरदचंद्र पवार पक्षाचे. संजयमामा शिंदे 2014 ला स्वाभिमानी पक्षाकडून लढले, पुढच्या दोन्ही वेळा अपक्ष. बागल घराण्याने 2009 आणि 2014 ला राष्ट्रवादीचे घड्याळ घेतले, 2019 आणि 2024 ला शिवसेनेचा धनुष्यबाण. मतदार चिन्ह विसरून माणसामागे गेला. बाहेरून पाहणारे याला संधिसाधूपणा म्हणतात. मला तसे वाटत नाही. ज्या तालुक्यात ऊस जाणार की उभा वाळणार हे कारखान्याच्या चेअरमनवर ठरते, आणि मोटार चालणार की नाही हे कुणाच्या फोनवर ठरते, तिथला शेतकरी फोन उचलणाऱ्या माणसालाच धरून राहणार.

2014 ची निवडणूक इथे अजून कालच झाल्यासारखी सांगतात. नारायण पाटलांनी बागल घराण्यातल्या रश्मी बागल यांना 257 मतांनी हरवले, आणि तिसरे आलेले संजयमामा पहिल्यापासून अडीच हजारांच्या आत होते. एका मोठ्या गावाने कूस बदलली असती तर आमदार बदलला असता. मामांचा तालुक्यातला शिरकाव 2008 च्या मतदारसंघ पुनर्रचनेनंतरचा. कुर्डुवाडी आणि माढा तालुक्यातली 36 गावे करमाळ्याला जोडली गेली, आणि निमगावच्या शिंद्यांचे, म्हणजे मामांच्या घराचे, वजन या बाजूला आले. त्यांचे बंधू बबनदादा तेव्हा शेजारच्या माढ्याचे आमदार होते, 1995 पासून सलग. तेव्हापासून करमाळ्यात 'तालुक्यातला की तालुक्याबाहेरचा' हा प्रश्न प्रत्येक प्रचारात निघतो.

आता पाण्याकडे येतो. या तालुक्याची खरी तक्रार अशी की धरणाखाली जमिनी गेल्या इथल्या, आणि कालवे निघाले धरणाच्या भिंतीपासून पुढे. डावा आणि उजवा कालवा माढा, मोहोळ, पंढरपूर अशा खालच्या भागाला भिजवतात. पाणी उताराने जाते. करमाळा वरच्या अंगाला आहे. इथल्या शेतकऱ्याला हेच पाणी विजेवर उचलून घ्यावे लागते. त्याने ते उचललेही. कंदर, वांगी, शेटफळ या पट्ट्यातली केळी आखाती देशांत जातात, आणि त्या प्रत्येक घडामागे काठावर बसवलेली एक मोटार आहे.

ती मोटार कशी चालते हे मी वांगीच्या बाजूला एका शेतकऱ्याबरोबर पाण्यापर्यंत चालत जाऊन पाहिले. दिवाळीत पाणी त्याच्या बांधाला लागलेले असते. फेब्रुवारीपासून ते मागे सरते. उघडी पडलेली जमीन भेगाळते, तिच्यावर शिंपल्यांचा थर चुरचुरतो, आणि मोटार पाण्याच्या मागे न्यावी लागते. आधी काळे पाईप जोडायचे, मग केबल वाढवायची, मग स्टार्टरची पेटी पुढच्या खांबावर. मोटार गाळात बसवून चालत नाही, फुटवॉलमध्ये चिखल जातो. म्हणून जेसीबी लावून चारी खोदायची आणि पाणी मोटारीपर्यंत ओढून आणायचे. चारीची कड ढासळली की मोटार हवा धरते, आवाज बदलतो. तो माझ्याशी बोलत असताना मध्येच थांबला, कान दिला, आणि काही न सांगता चारीत उतरला. हाताने गाळ उपसला, फुटवॉल हलवून बसवला, पुन्हा भरला, आणि पाईपला तळहात लावून पाणी चढल्याची खात्री करून घेतली. "वीज आठ तासाची सहा तास केली की हे सगळं करून बी अर्धा प्लॉट भिजतो, साहेब," एवढेच म्हणाला. केबल चोरीला जाते म्हणून रात्री तो तिथेच झोपतो.

त्याच्या मागे सरणाऱ्या पाण्याचा हिशेब धरणावर असा मांडतात. पूर्ण क्षमता सुमारे 117 टीएमसी. त्यातला साडेत्रेसष्टहून अधिक मृतसाठा आणि साडेत्रेपन्नच्या आसपास उपयुक्त. म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी कागदावर मृत. उपयुक्त साठा शून्य टक्क्याच्या खाली गेला की वर्तमानपत्रे 'उणे' लिहितात. 2024 च्या उन्हाळ्यात धरण उणे साठ टक्क्यांपर्यंत गेले, म्हणजे मृतसाठ्यातलेही बत्तीस टीएमसी संपले. सोलापूर शहराच्या पिण्यासाठी पाणी भीमा नदीत सोडले जाते, तेव्हा ते औज आणि चिंचपूर बंधाऱ्यांपर्यंत पोचता पोचता लागते त्याच्या कितीतरी पट जास्त सोडावे लागते. शहराला पाणी मिळायलाच हवे. पण त्या प्रत्येक आवर्तनागणिक वांगीतली चारी लांबत जाते, आणि हा खर्च कुठल्याही हिशेबात येत नाही.

पाण्यापासून दूर असलेल्या पूर्व भागासाठी दहिगाव उपसा सिंचन योजना आली. बागलांच्या काळात तिची सुरुवात झाली आणि पाणी शेतापर्यंत चढायला जवळपास दोन दशके गेली. दहिगावला पाणी उचलायचे, कुंभेजला पुन्हा उचलायचे, मग ते पुढे. योजना कुणी आणली, बटण कुणी दाबले, आवर्तन कुणी नियमित केले, यावर तीन गटांच्या तीन सभा होतात. त्या वादात मला गैर काही दिसत नाही, कारण तिघांनाही मत मागताना पंपाकडे बोट दाखवावे लागते. काळजी वेगळीच आहे. धरण खाली गेले की दहिगावचा पंपही काठावरच्या मोटारीसारखाच कोरडा पडतो, आणि तेव्हा श्रेय घ्यायला कुणी नसते. रिटेवाडी उपसा सिंचनाची मागणी वर्षानुवर्षे चालू आहे, आंदोलने झाली. तीही योजना उद्या झाली तरी पाणी याच जलाशयातून उचलायचे आहे.

त्यात वाटेकरी वाढत चालले आहेत. 2021 मध्ये उजनीचे पाच टीएमसी पाणी इंदापूरला देण्याचा निर्णय झाला, सोलापूर जिल्हा पेटला, आणि निर्णय मागे घ्यावा लागला. त्या वेळी चारही गटांचे कार्यकर्ते एका बाजूला होते. तशी वेळ क्वचित येते.

पाण्याने तालुक्याचे रस्तेही तोडले आहेत. कुगावच्या काठावर उभे राहिले की पलीकडे इंदापूरची गावे डोळ्यांनी दिसतात, पण रस्त्याने जायचे तर टेंभुर्णीवरून नाहीतर भिगवणवरून वळसा. म्हणून माणसे बोटीने जातात. बाजाराला, दवाखान्याला, लेकीच्या सासरी. 21 मे 2024 ला संध्याकाळी कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. सात जण होते. एक जण पोहून बाहेर आला, सहा जण गेले, त्यांत लहान मुलेही होती. करमाळा ज्यात येतो त्या माढा लोकसभेचे मतदान त्याच महिन्याच्या सात तारखेला झाले होते. कुगाव ते शिरसोडी पूल मंजूर झाला आहे. त्या पुलाची मागणी मात्र पाणी आले तेव्हापासूनची आहे. केतूरकडून भिगवणला जोडणारा डिकसळचा पूल तर इंग्रजांच्या काळातला रेल्वेचा. रेल्वे दुसरीकडे वळवल्यावर लोकांनी तो रस्ता म्हणून वापरला आणि तो खचेपर्यंत वापरला.

2024 च्या नोव्हेंबरात करमाळ्याने नारायण पाटलांना सोळा हजारांच्या आसपास मताधिक्य दिले. 257 मतांच्या मानाने हा मोठा कौल आहे. त्यामुळे या वेळी त्यांना सबबीला जागा कमी आहे, आणि बाकीच्या गटांनाही.

म्हणून काठावरच्या मतदारांना एक विनंती. पुढच्या सभेत पक्ष कोणता, चिन्ह कोणते हे विचारू नका. ते पुन्हा बदलेल. दरवर्षी कालवा सल्लागार समिती बसते, उजनीचे पाणी कधी, किती, कुणाला सोडायचे हे तिथे ठरते, आणि तुमचा आमदार त्या बैठकीत असतो. बॅकवॉटरच्या गावांसाठी पाणी किती पातळीखाली जाऊ द्यायचे नाही, हा आकडा त्याने तिथे मांडला का, आणि मांडला असेल तर किती, एवढे त्याला लेखी विचारा. चारही गटांना विचारा.