कमी दराची निविदा आणि तिची खरी किंमत

बाजारात म्हैस घ्यावयास गेलेला शहाणा शेतकरी किंमत विचारून लगेच कनवटीचे पैसे काढीत नाही. दूध किती, वेत कितवे, वैरण किती लागेल, याचा अंदाज तो मनाशी बांधतो आणि मगच सौदा करतो. पातेले घेणारी गृहिणीही तेच करते. पत्रा जाड आहे की पातळ, हे ती हातावर तोलून पाहते. कारण पातळ बुडाचे पातेले आज चार रुपयांनी स्वस्त पडले, तरी उद्या त्यात दूध करपणार आणि दोन वर्षांत ते मोडीत निघणार, हे तिला अनुभवाने ठाऊक असते.

घरातील हे व्यवहारज्ञान सरकारी खरेदीच्या टेबलापाशी आले की मात्र पुष्कळदा मागे पडते. तेथे निविदा मागवितात, पाकिटे उघडतात, अटी पुऱ्या करणाऱ्यांपैकी ज्याचा दर सर्वांत कमी त्याच्या नावापुढे खूण होते, आणि विषय संपतो. वस्तू किती वर्षे टिकेल, किती वीज खाईल, निकामी झाल्यावर तिची विल्हेवाट कोण लावणार, हे प्रश्न त्या कागदावर उमटतच नाहीत.

ही पद्धत वाईट हेतूने जन्मली असे मात्र कोणी समजू नये. सार्वजनिक पैसा हा विश्वस्ताच्या हातातील पैसा होय. अधिकाऱ्याच्या मर्जीवर खरेदी सोपविली, तर ती मर्जी संपादन करणारे पुरवठादारही निर्माण होतात. दर हा आकडा आहे. तो कोणालाही पडताळून पाहता येतो. म्हणून कमी दर हे प्रामाणिकपणाचे कुंपण ठरले. प्रश्न एवढाच की, हे कुंपण राखूनही आत पीक चांगले घेता येईल काय?

एक हिशेब करून पाहू. समजा, एखाद्या नगरपालिकेला रस्त्यावर दिवे लावावयाचे आहेत. पहिला दिवा ३,००० रुपयांचा, २५० वॉटचा. दुसरा ७,००० रुपयांचा, पण तेवढाच उजेड १२० वॉटमध्ये देणारा. दिवा रोज बारा तास, म्हणजे वर्षाला ४,३८० तास जळतो. पहिला वर्षात १,०९५ युनिट वीज घेईल, दुसरा सुमारे ५२६. युनिटला सात रुपये धरले, तर दरवर्षी जवळजवळ ४,००० रुपये वाचतात. म्हणजे किमतीतील फरक जवळजवळ एका वर्षात भरून येतो. दहा वर्षांचा विचार केला, तर दुरुस्ती व भाववाढ बाजूला ठेवूनही पहिला दिवा सुमारे ७९,६५० रुपयांना पडतो आणि दुसरा सुमारे ४३,८०० रुपयांना. निविदेच्या तक्त्यात मात्र पहिलाच स्वस्त! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, ही म्हण याहून चपखल कोठे लागू पडणार?

मग हा तोटा दिसत का नाही? कारण दिवे एका लेखाशीर्षाखाली विकत घेतले जातात आणि विजेचे बिल दुसऱ्या लेखाशीर्षाखाली भरले जाते. खरेदी करणाऱ्याने बचत केल्याची नोंद होते. बिल भरणाऱ्याला वाढीचे कारण सापडत नाही. वस्तूच्या खरेदीपासून विल्हेवाटीपर्यंतचा सारा खर्च एकत्र मांडणे, यालाच तज्ज्ञ मंडळी ‘जीवनचक्र-खर्च’ म्हणतात. शब्द भारदस्त असला, तरी अर्थ म्हशीच्या वैरणीचाच आहे.

याखेरीज आणखी एक खर्च असा असतो की, जो नगरपालिकेच्या कोणत्याच वहीत चढत नाही. जळालेल्या कोळशाची राख, बसच्या धुराने होणारा खोकला, कारखान्याच्या सांडपाण्याने नासलेली विहीर, यांचे बिल कोणी पाठवीत नाही. ते नागरिक आपल्या शरीराने फेडतात. हा खर्च खरेदीत धरावा काय, याविषयी युरोपात एक महत्त्वाचा खटला झाला.

१९९७ साली फिनलंडच्या राजधानीत, हेलसिंकी येथे, शहर बसमार्ग चालविण्याच्या कामासाठी निविदा मागविण्यात आल्या. दराला गुण होतेच. शिवाय धुरातील नायट्रोजन ऑक्साइडचे प्रमाण ठरलेल्या मर्यादेखाली असेल आणि आवाज ७७ डेसिबेलपेक्षा कमी असेल, तर जादा गुण मिळणार होते. एका कंपनीचा दर सर्वांत कमी होता. तथापि काम मिळाले शहराच्याच बस-उपक्रमाला, कारण त्याच्या गाड्या अधिक स्वच्छ व शांत होत्या. कंपनीने तक्रार केली की, ही अट फार थोड्यांना पुरी करता येण्याजोगी असल्याने ती अन्यायाची आहे. प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेले आणि १७ सप्टेंबर २००२ रोजी निकाल लागला. न्यायालयाने म्हटले की, पर्यावरणाचा निकष लावता येतो. मात्र तो खरेदीच्या विषयाशी निगडित असावा, अधिकाऱ्याला मनमानीची मोकळीक देणारा नसावा, निविदेत आधीच स्पष्ट जाहीर केलेला असावा, आणि समान वागणुकीसारख्या मूलभूत तत्त्वांना धरून असावा. अट थोड्यांनाच पुरी करता येते, एवढ्यावरूनच ती अन्यायाची ठरत नाही.

या निकालाचे मर्म आपण नीट ध्यानी घेतले पाहिजे. स्वच्छ हवा आणि स्वच्छ व्यवहार यांपैकी एकच निवडा, असे न्यायालयाने सांगितले नाही. निकष आधी जाहीर करा, तो मोजता येईल असा ठेवा, आणि सर्वांना सारखाच लावा, एवढेच त्याने सांगितले. पुढे २०१४ साली युरोपीय संघाच्या खरेदीविषयक निर्देशातही जीवनचक्र-खर्चाला स्थान मिळाले.

आपल्या देशातही या दिशेने पावले पडली आहेत. ५ जानेवारी २०१५ रोजी केंद्र सरकारने एलईडी दिव्यांची ‘उजाला’ योजना सुरू केली. सार्वजनिक क्षेत्रातील वीज-कंपन्यांनी मिळून स्थापिलेल्या एका संस्थेने दिव्यांच्या तांत्रिक अटी ठरवून प्रचंड प्रमाणावर निविदा काढल्या. २०१४ साली जो दिवा खरेदीत ३१० रुपयांना पडत होता, तो दोन-तीन वर्षांत ३८ रुपयांवर आला. पुढे ३६ कोटींहून अधिक दिवे वाटले गेले, आणि सोबतच्या पथदिव्यांच्या कार्यक्रमात सव्वा कोटीहून अधिक दिवे बदलले गेले. येथे कमी दराची स्पर्धा सोडून दिलेली नव्हती. आधी ‘काय हवे’ हे कठोरपणे ठरविले आणि मग दराची शर्यत लावली. सरकार हे बाजारातील सर्वांत मोठे गिऱ्हाईक असते. त्याने मागणी बदलली की कारखान्यांनाही बदलावे लागते.

२०२२ साली पाच शहरांसाठी ५,४५० विद्युत बसगाड्यांची एकत्रित निविदा निघाली. त्या शहरांत हैदराबादही होते. तेथे दर मागविण्यात आले ते गाडीच्या किमतीचे नव्हेत, तर धावलेल्या प्रत्येक किलोमीटरचे. गाडी बंद पडली तर तोटा पुरवठादाराचा. साहजिकच ती टिकाऊ असावी ही काळजीही त्याचीच. इंदूर येथे फेब्रुवारी २०२२ मध्ये रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून वायू तयार करणारा प्रकल्प सुरू झाला, आणि त्यातील वायू शहराच्या बसगाड्यांसाठी घेण्याची योजना झाली. कचरा देणारे शहरच वायूचे गिऱ्हाईक झाले, तर अशा प्रकल्पाला आधार मिळतो.

टिकाऊपणाचा अर्थ केवळ झाडे आणि धूर एवढाच नाही. त्यात माणसेही येतात. केंद्र सरकारच्या २०१२ च्या धोरणानुसार मंत्रालयांनी व सार्वजनिक उपक्रमांनी काही खरेदी सूक्ष्म व लघुउद्योगांकडून करावयाची असते. २०१८ साली हे प्रमाण २५ टक्के करण्यात आले, आणि त्यात स्त्री-उद्योजकांसाठी ३ टक्के राखले आहेत. २०२१ च्या ऑक्टोबरात अर्थखात्याने बांधकामे व काही सेवा यांच्या बाबतीत दराबरोबर गुणवत्तेलाही, जास्तीत जास्त ३० टक्क्यांपर्यंत, वजन देण्याची मुभा दिली. म्हणजे कुंपणाला फाटक बसविण्यात आले आहे. ते उघडण्याचे धैर्य हवे.

धैर्य म्हणण्याचे कारण असे की, जादा दराची वस्तू घेणाऱ्या अधिकाऱ्याला लेखापरीक्षणात प्रश्न विचारले जातात. निकृष्ट स्वस्त वस्तू घेणाऱ्याला सहसा कोणी विचारीत नाही. तेव्हा हिशेबाचा तक्ता फाइलीत लावून ठेवणे, हे त्याचे उत्तम संरक्षण होय. दुसरीकडे, ‘पर्यावरण’ या पवित्र नावाखाली एकाच पुरवठादाराच्या मापाची अट शिवली जाण्याचा धोकाही खराच आहे. पेटीवर हिरवे पान छापले म्हणून आतील माल हिरवा होत नाही. म्हणून अट मोजता येईल अशी हवी, आणि माल आल्यावर तो तपासून घेणारा माणूसही हवा. नाहीतर उत्तम निविदेतूनही वाईट दिवाच खांबावर चढेल.

श्रोतेहो, आपण निविदा काढीत नाही. पण कर आपण भरतो आणि दिव्याखालून आपणच चालतो. आपल्या गावाने पंप, पथदिवे वा शाळेची बाके घेतली की, तीन प्रश्न अवश्य विचारावेत: ही वस्तू किती वर्षे टिकेल? ती चालविण्यास दरवर्षी किती खर्च येईल? आणि निकामी झाल्यावर तिचे काय होईल? शेतकरी म्हशीविषयी जे विचारतो, त्याहून अधिक काही आपण विचारीत नाही. एवढी चौकशी आपल्याच पैशाविषयी करावयास संकोच कशाला?