धानाचा नफा आणि शेअरचा सट्टा

भंडाऱ्याहून नागपूरच्या रस्त्याला लागलात की शहापूर येते. हा मुलूख धानाचा. लक्ष्मीपूजनाच्या रात्री वहीवर हळदकुंकू वाहताना इथल्या गिरणीवाल्याच्या मनात एकच प्रश्न घोळत असतो: वर्षाअखेर हाती काय उरले? चला, वाचकहो, अशाच एका वहीत डोकावू. वही काल्पनिक आहे. कायदा मात्र अगदी खराखुरा.

समजा, शहापुरास तीन भावांची भातगिरणी आहे आणि तिची त्यांनी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी केली आहे. वर्षभरात तांदळात १२ लाखांचा नफा झाला. हंगाम सरल्यावर पैसा नुसता पडून राहतो, म्हणून धाकट्याने कंपनीच्या नावे शेअर घेतले आणि विकले. चोरून नव्हे, पूर्ण पैसे मोजून, शेअर डिमॅट खात्यात उतरवून घेऊन. त्यात १० लाख बुडाले. उरले २ लाख. हे गणित तिसरीतले पोरही करील. पण करसल्लागाराने चष्मा पुसत सांगितले, “कर १२ लाखांवर भरावा लागेल.” सवलतीचा २२ टक्क्यांचा दर धरला, तरी अधिभार व उपकरासह रक्कम होते सुमारे ३ लाख २ हजार. कमाई दोन लाखांची आणि कर तीन लाखांचा!

“पण साहेब, आम्ही सट्टा कुठं केला? माल घरात घेतला ना!” थोरला म्हणाला.

“तुम्ही केला नाही हो. कायद्यानं तो मानला.”

सारी मेख या ‘मानला’ शब्दात आहे. १९६१ च्या आयकर कायद्यात सट्ट्याची व्याख्या तशी सरळ होती: मालाची देवघेव न करता नुसत्या भावातल्या फरकावर मिटवलेला व्यवहार, तो सट्टा. सट्ट्यातला तोटा सट्ट्याच्याच नफ्यातून वळता करायचा, इतर कमाईला त्याचा हात लागू द्यायचा नाही. मात्र त्याच कायद्याच्या ७३ व्या कलमाला एक स्पष्टीकरण जोडलेले होते. कंपनीच्या धंद्याचा काही भाग दुसऱ्या कंपन्यांच्या शेअरची खरेदी-विक्री असेल, तर तेवढा भाग सट्टाच समजायचा, मग शेअर प्रत्यक्ष ताब्यात घेतलेले का असेनात. गिरणी एकट्या थोरल्याच्या नावावर असती आणि त्याने हाच व्यापार धंदा म्हणून केला असता, तर तोटा तांदळाच्या नफ्यातून वजा झाला असता. ‘प्रायव्हेट लिमिटेड’ ही पाटी लागली आणि हिशेब फिरला.

हे स्पष्टीकरण लहान गिरण्यांसाठी लिहिलेच नव्हते. निवृत्त सरन्यायाधीश वांच्छू यांच्या समितीने १९७१ साली प्रत्यक्ष करांविषयी अहवाल दिला. एकाच घराण्याच्या मुठीतल्या कंपन्या आपापसांत शेअर फिरवून हवा तेवढा तोटा कागदावर उभा करीत आणि त्याच्या आड खरा नफा लपवीत, हे दुखणे त्या वेळचे. १९७५ च्या दुरुस्तीने ही भिंत बांधली आणि १९७७-७८ च्या आकारणीपासून ती लागू झाली. बडे मासे पकडण्यासाठी टाकलेले जाळे. त्यात आमची शहापूरची झिंगेही सापडली, इतकेच.

खरी गंमत पुढे आहे. २००५ च्या वित्त कायद्याने मान्यताप्राप्त शेअरबाजारातील वायदे व ऑप्शनचे व्यवहार सट्ट्याच्या व्याख्येतून वगळले. म्हणजे धाकट्याने शेअर घरी आणण्याऐवजी नुसते वायदे केले असते, तर तो तोटा साधा धंद्याचा तोटा म्हणता आला असता! यावर वादही झडले. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ साली कंपनीचा असा तोटाही सट्ट्यातच ढकलला. कलकत्ता उच्च न्यायालयाने २०१६ साली उलट कौल दिला. सर्वोच्च न्यायालयापुढे २०१९ साली स्नोटेक्स कंपनीचे प्रकरण आले, तेव्हा शेअरचा तोटा सट्ट्याचा आणि वायद्याचा नफा बिनसट्ट्याचा, म्हणून दोहोंचा मेळ नाही, असे ठरले.

बँका व कर्ज देण्याचा मुख्य धंदा असलेल्या कंपन्या, तसेच मुख्यतः व्याज, घरभाडे, भांडवली नफा अशा मिळकतीवर चालणाऱ्या कंपन्या यातून वगळल्या होत्या. २०१४ साली शेअरव्यापार हाच मुख्य धंदा असलेल्यांनाही मोकळीक मिळाली. रात्रंदिवस शेअर करणारा सुटला, सणासुदीला हात घालणारा अडकला! १ एप्रिल २०२६ पासूनच्या वर्षांसाठी २०२५ चा नवा कायदा आहे; त्यात कलमांचे आकडे बदलले, भिंत राहिली.

करसल्लागाराने दोन गोष्टी बजावल्या. शेअर व्यापाराचा माल म्हणून न घेता गुंतवणूक म्हणून घ्यायचे असतील, तर वहीत पहिल्या दिवसापासून तसेच लिहा. मग तोटा भांडवली ठरतो, भांडवली नफ्यातून वजा होतो आणि आठ वर्षे पुढे नेता येतो. आणि विवरणपत्र मुदतीत द्या, नाहीतर तोटा पुढे नेण्याचा हक्कच जातो. ही मुदत साधारणतः ३१ ऑक्टोबरची, म्हणजे ऐन फराळाच्या धांदलीतली.

“मग हे दहा लाख?”

“चार वर्षं पुढं नेता येतील. पण शेअरमध्ये नफा झाला तरच वळते होतील.”

म्हणजे सट्टा ठरवलेला तोटा वसूल करायचा, तर पुन्हा तोच सट्टा करायचा! धाकट्याचे डोळे लकाकले. थोरल्याने वही मिटली आणि तिच्यावर हात ठेवून तो बसून राहिला.