शिवसागर : जलविहार आणि जाणीव

आठवडाभर संगणकाच्या पडद्यासमोर काम केल्यावर मोकळ्या आकाशाची ओढ लागावी, हे स्वाभाविकच. बंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांना जोडून आलेल्या सुट्ट्यांत ही ओढ थेट सह्याद्रीत नेऊ शकते. पुण्याकडे जाणाऱ्या महामार्गाने सातशेहून अधिक किलोमीटर अंतर कापले की सातारा येते. तेथून कास पठार ओलांडून खाली उतरले, की बामणोली आणि समोर पसरलेला शिवसागर जलाशय!

काठावर तंबू ठोकावा, रात्री चांदण्यांचे छत पाहावे आणि सकाळी बोटीतून वासोट्याकडे निघावे. सुमारे दीड तासाच्या या जलप्रवासात दोन्ही बाजूंचे गर्द डोंगर सोबतीला असतात. वासोटा कोयना अभयारण्यात असल्याने वनखात्याची परवानगी आवश्यक असते; गडावर मुक्काम करता येत नाही आणि पावसाळ्यात ही वाट बंद राहते. बोटीत प्रत्येकाने जीवरक्षक जाकीट घालावे. डोंगरात मोबाईलचा भरवसा नसल्याने थोडी रोख रक्कम जवळ असलेली बरी.

मात्र हे निळे सौंदर्य निसर्गाने एकट्याने घडविलेले नाही. 1960च्या दशकात कोयना धरण उभे राहिले आणि खोऱ्यातील अनेक गावे पाण्याखाली गेली. 1,960 मेगावॅट क्षमतेच्या कोयना प्रकल्पाने महाराष्ट्रातील उद्योगांना वीज दिली. त्यासाठी हजारो कुटुंबांनी घर, शेत आणि ग्रामदैवताचे देऊळ सोडले. कोणी सांगली-सोलापूरकडे गेले, कोणी कोकणात. त्यांच्या पुनर्वसनाचे काही प्रश्न पुढे अनेक दशके रेंगाळले. इलेक्ट्रॉनिक सिटीही कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांच्या 332 एकर जमिनीवर वसली. प्रगतीच्या पायाखाली कोणाचे तरी शिवार असते, हे तेथील रहिवाशांना वेगळे सांगायला नको.

आज काठावरील ग्रामस्थ बोट क्लब चालवितात. ज्या पाण्याने खोऱ्याची शेती गिळली, तेच आता त्यांच्या उपजीविकेचे साधन झाले आहे. म्हणून पर्यटकांनी जेवण गावातच घ्यावे, बोटीचे भाडे ठरलेल्या दराने द्यावे आणि प्लॅस्टिकचा कचरा सोबत परत न्यावा. नावाड्याला वेळ असेल, तर पाण्याखालच्या गावांविषयीही आवर्जून विचारावे. ती माहिती कोणत्याही फलकावर मिळणार नाही.