माल काय आहे ते आधी सांगा!
(ऊस विकास अधिकारी यांजकडून)

सभासद बंधूंनो,

जळीत उसाची वर्दी गट ऑफिसला ताबडतोब द्या, हे सांगायला मागे एका गावी चावडीवर बैठक घेतली होती. ऊस जळाला की रसातली साखर तासागणिक मोडू लागते. वर्दी लवकर आली तर तोडणीची टोळी तिकडे वळवता येते. पण काही मंडळी कपातीच्या भीतीने जळीत ऊस चांगल्या उसाच्या मोळ्यांत मिसळून गाडी भरतात. "काट्यावर कुणाला कळतंय?" असा हिशेब. काट्यावर कळत नाही हे खरे, पण पुढे रस पिवळा, पाक चिकट आणि उतारा कमी होतो, आणि तो तोटा सगळ्यांच्याच खिशातून जातो.

हे सांगत असताना नव्वदीला टेकलेले एक जुने सभासद काठी टेकत उठले. म्हणाले, "सायेब, वर्दी दिली न्हाई म्हंजे काय हुतं ते आमच्या घरानं बघितलंया. माझा थोरला भाऊ ममईला गोदीत हमाल हुता. सकाळी कामाला गेला तो गेलाच. जहाजात काय भरलंय ते त्याला कुणी सांगितलंच नव्हतं."

बैठक तिथेच शांत झाली. आबांच्या भावाची गोष्ट म्हणजे १४ एप्रिल १९४४ चा मुंबई गोदीतला स्फोट. त्या काळी आपल्या घाटमाथ्यावरच्या खेड्याखेड्यांतून माणसे गोदीत कामाला होती. म्हणून हा विषय दूरच्या समुद्राचा असला तरी परका नाही. त्याची माहिती सभासदांपुढे ठेवतो.

फोर्ट स्टिकिनची हकीकत

फोर्ट स्टिकिन हे १९४२ साली कॅनडात बांधलेले मालवाहू जहाज. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस. फेब्रुवारी १९४४ मध्ये ते इंग्लंडमधल्या बर्कनहेड बंदरातून निघाले. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके व दारूगोळा, आणि शिवाय सोन्याच्या विटा. कराचीला थांबून त्याने कापसाच्या हजारो गठड्या घेतल्या. त्याखेरीज तेलाची पिंपे, लाकूड, गंधक, राळ, माशांचे खत असा बाजारच भरला होता. कापूस एकदा आतून पेटला की सहजासहजी विझत नाही, हे शेतकऱ्याला सांगायला नको. तोच कापूस स्फोटकांच्या खाली आणि वर रचला होता. चुलीशेजारी कडब्याची गंजी रचावी, तसा प्रकार.

१२ एप्रिलला जहाज मुंबईत आले आणि व्हिक्टोरिया गोदीत धक्क्याला लागले. शांततेच्या काळात असली जहाजे बाहेर खाडीत नांगरून माल पडावांत उतरवत. युद्धाच्या घाईत तो नियम बाजूला ठेवला होता. दुसरा नियम लाल बावट्याचा. स्फोटके असलेल्या जहाजाने लाल निशाण लावायचे, म्हणजे शेजारची जहाजे, हमाल, पहारेकरी सगळे सावध राहतात. फोर्ट स्टिकिनवर ते निशाण फडकत नव्हते.

१४ तारखेला दुपारी दुसऱ्या क्रमांकाच्या खणातून धूर दिसू लागला. शेजारच्या जहाजांवरच्या काही लोकांना तो त्याआधीच दिसला होता, पण त्या खणात काय आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. मग दोनच्या सुमारास आरडाओरड झाली. आग विझवणारे आले, पाण्याचा मारा सुरू झाला. नऊशे टनांहून जास्त पाणी त्या जहाजात ओतले गेले. तरी आग नेमकी कुठे आहे ते सापडेना. पाणी उकळू लागले. पावणेचारच्या पुढे जहाज सोडण्याचा हुकूम सुटला, आणि ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला. त्याचा हादरा दूरवरच्या सिमल्याच्या भूकंपमापकावर उमटला. अर्ध्या तासाने दुसरा स्फोट त्याहून मोठा झाला.

पेटत्या कापसाचे बोळे आणि तापलेले लोखंड वस्तीवर पडले. गोदीतली तेरा जहाजे गेली. गुदामे आणि धान्य जळाले, सुमारे ऐंशी हजार लोक बेघर झाले. मेलेल्यांचा आकडा आठशे ते तेराशे असा सांगतात. नक्की आकडा लागत नाही, कारण रोजंदारीवरच्या माणसांची नोंद कुठे होती? आबांचा भाऊ त्या न लागलेल्या हिशेबातला. आगीच्या बंबावरची ६६ माणसे ठार झाली. त्यांच्या स्मरणार्थ आजही देशभर १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. गोदीतला ढिगारा उपसायला आठ हजार माणसे आणि सात महिने लागले. सोन्याच्या विटा पुढे कित्येक वर्षे गाळात सापडत राहिल्या.

वर आणखी एक गोष्ट. युद्धामुळे बातमीही दाबली. जगाला ती आधी जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओवरून कळली. आपल्या वर्तमानपत्रांना छापायची मोकळीक मिळाली ती मे महिन्यात. आबा म्हणाले, "आमाला महिन्यानं कळलं. तवर आई रोज यष्टीच्या वाटंला बसायची." त्या वेळी यष्टी कुठली, कुठलीशी खासगी मोटार असेल; पण आई बसायची हे खरे.

नुसता कागद पुरत नाही

इथे एक मुद्दा बारकाईने पाहावा. जहाजात स्फोटके आहेत हे अधिकाऱ्यांना ठाऊक नव्हते असे नाही. कागदोपत्री ते होते. पण कागदावरची माहिती ज्याच्या जिवावर बेतणार त्याच्यापर्यंत पोचली नाही. चौकशी मंडळाने कापूस आणि दारूगोळा एकत्र रचणे, आणि जबाबदार माणसांनी धोका वेळेत न ओळखणे, ही कारणे नमूद केली.

याच्या उलट अमेरिकेतले टेक्सास सिटी पाहा. १६ एप्रिल १९४७. ग्रँडकॅम्प नावाच्या जहाजात सुमारे २,३०० टन अमोनियम नायट्रेट होते. पोत्यांवर "खत" एवढाच बोध होणारा मजकूर. हा पदार्थ स्फोट करू शकतो हे खलाशांना माहीत नव्हते. धूर दिसल्यावर पाण्याने माल खराब होईल म्हणून झाकणे बंद करून आत वाफ सोडली. सकाळी नऊ वाजून गेल्यावर जहाज उडाले. ५८० च्या वर माणसे मेली. गावच्या स्वयंसेवक अग्निशमन दलातल्या २८ पैकी २७ जण गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे शेजारचे दुसरे जहाजही त्याच मालाने उडाले.

तिसरे उदाहरण बैरुतचे. तिथे २०१३ साली एक मोडके जहाज अमोनियम नायट्रेट घेऊन अडकले. २,७५० टन माल उतरवून बंदरातल्या गुदामात ठेवला. जकात खात्याने न्यायालयाला वारंवार पत्रे लिहिली. पण माल जागचा हलला नाही. ४ ऑगस्ट २०२० ला तो उडाला आणि दोनशेच्या वर माणसे मेली. म्हणजे सांगणारा सांगून थकला, ऐकणाऱ्याने ऐकले नाही.

(सभासदांचा गैरसमज नको. आपण उसाला टाकतो तो युरिया हा अमोनियम नायट्रेट नव्हे. अमोनियम नायट्रेटसाठी आपल्याकडे २०१२ पासून वेगळे नियम आहेत आणि त्याला परवाना लागतो.)

आज बंदरात काय पद्धत आहे

अशा ठेचा खाऊन जगाने नियम बांधले. समुद्रावरून धोक्याचा माल नेण्याची आंतरराष्ट्रीय नियमावली १९६५ साली ठरली आणि २००४ च्या जानेवारीपासून सक्तीची झाली. तिचे सार शेतकऱ्याच्या भाषेत असे:

१) माल पाठवणाऱ्याने सहीनिशी लिहून द्यायचे की माल धोक्याचा आहे. मालाचे खरे नाव, प्रकार, किती पॅकिंग, आणि अडचणीत कोणाला विचारायचे ते लिहायचे. "रसायन" किंवा "पावडर" असे मोघम लिहून चालत नाही.

२) अशा मालाचे नऊ वर्ग आहेत: स्फोटके, वायू, पेटणारे द्रव, पेटणारे घन पदार्थ, आगीला प्राणवायू पुरवणारे, विषारी, किरणोत्सर्गी, चामडी-धातू खाणारे आम्ल-क्षार, आणि राहिलेले किरकोळ. प्रत्येक पदार्थाला चार आकडी क्रमांक असतो. तो जगात सगळीकडे एकच, त्यामुळे भाषा न कळणाऱ्यालाही आकडा कळतो.

३) जहाजाच्या कप्तानाने बंदरात शिरण्याआधी ठराविक मुदतीत त्या मालाची यादी बंदराला द्यायची. मग बंदराचे अधिकारी ठरवतात: धक्का कोणता द्यायचा, माल थेट गाडीवर उतरवायचा की गुदामात, आणि बंब उभा ठेवायचा की नाही.

४) न पटणारे माल शेजारी रचायचे नाहीत. आम्लाशेजारी क्षार नाही, पेटणाऱ्याशेजारी प्राणवायू देणारा नाही. फोर्ट स्टिकिनचा धडा हाच.

५) धोक्याचा माल चढवता-उतरवताना दिवसा लाल निशाण आणि रात्री लाल दिवा, हा रिवाज आजही आहे.

या यादीचा उपयोग कसा होतो ते मे २०२५ मध्ये केरळच्या किनाऱ्यापाशी दिसले. एम. एस. सी. एल्सा ३ हे मालवाहू जहाज कोचीजवळ बुडाले. त्यावर ६४० कंटेनर होते, त्यांतले १३ धोक्याच्या मालाचे, आणि त्यांतही १२ कॅल्शियम कार्बाइडचे. कार्बाइड पाण्यात पडले की ॲसिटिलीन वायू निघतो आणि तो ठिणगीने भडकतो. यादी हाती होती म्हणून कोळी बांधवांना आणि किनाऱ्यावरच्या लोकांना वेळेत सांगता आले की वाहून आलेल्या कंटेनरला हात लावू नका. पुढच्याच महिन्यात कोलंबोहून आपल्या न्हावाशेवा बंदराकडे निघालेले वान हाय ५०३ हे जहाज केरळपासून दूर समुद्रात पेटले. म्हणजे धोका आपल्या दारापर्यंत येतच असतो.

आणि खोटे लिहिले तर? २०१९ च्या मे महिन्यात थायलंडच्या लाएम चाबांग बंदरात एका जहाजाला आग लागली. कागदावर माल होता बाहुल्या. कंटेनरांत निघाली ब्लीचिंगच्या जातीची रसायने. शंभराच्या वर लोकांना दवाखान्यात न्यावे लागले. भाडे जास्त पडते, तपासणी होते, म्हणून कोणी तरी चार पैसे वाचवले. जळीत ऊस मोळीत लपवणाऱ्याचा आणि बाहुल्या लिहिणाऱ्याचा विचार एकाच जातीचा. फक्त एकात उतारा जातो, दुसऱ्यात माणसे.

आपल्या दारातले बंदर

कारखान्याचे गेट हेही एक बंदरच आहे, आणि आपल्या घराची पडवी हे दुसरे. म्हणून चार गोष्टी सांगून संपवतो.

एक, रस गोरा करायला आपण जाळतो ते गंधक हे धोक्याच्या मालात मोडते. त्याचा क्रमांक १३५०. त्याची धूळ हवेत उडाली की ठिणगीने भडका होतो. गंधकाची गाडी गेटवर आली की ड्रायव्हरने आधी सांगावे, नंतर आत घ्यावी. त्या आवारात बिडी नाही म्हणजे नाही.

दोन, डिस्टिलरीतून सुटणाऱ्या इथेनॉलच्या टँकरमागे फलकावर ११७० हा आकडा असतो. टँकर रस्त्यात कलंडला तर बघ्यांची गर्दी करू नका, डबे घेऊन तर मुळीच धावू नका. लांबूनच तो आकडा वाचा आणि फोनवर अग्निशमन दलाला सांगा. त्या चार आकड्यांवरून पाणी मारायचे की फेस ते ठरते.

तीन, कीटकनाशक आणि तणनाशकाच्या बाटल्या पेंडीच्या वा धान्याच्या पोत्यांबरोबर एका ट्रॉलीत आणू नका. दुसऱ्या बाटलीत ओतून ठेवू नका. फवारणी करणाऱ्या गड्याला औषधाचे नाव सांगा, आणि त्याला चक्कर आली तर डॉक्टरकडे जाताना मूळ बाटली लेबलासकट सोबत न्या. कापूस पट्ट्यातल्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपण विसरू नये.

चार, ऊस जळाला तर त्याच दिवशी गट ऑफिसला सांगा. कपात नियमाप्रमाणे होईल, पण ऊस आधी उचलला जाईल.

बैठक संपल्यावर आबांना घरी सोडायला गेलो. दारात उतरताना म्हणाले, "भावाला कुणी सांगितलं असतं की हितं दारू हाय, तर तो पळाला असता का न्हाई, म्या काय सांगू? पर त्याला ठरवाय तरी आलं असतं." एवढेच बोलून आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच गावातून गट ऑफिसला जळीत उसाच्या दोन वर्द्या आल्या. त्यांतली एक आबांच्या नातवाची होती.

आपला,
ऊस विकास अधिकारी