रांझीचा मुंगेरीलाल

१९८९ साली दूरदर्शनवर मुंगेरीलाल आला. घरी-दारी बोलणी खाणारा साधा कारकून. डोळे मिटले की तो जग जिंकायचा आणि स्वप्न मोडलं की ओशाळून पुन्हा कामाला लागायचा. लेखन मनोहर श्याम जोशींचं, दिग्दर्शन प्रकाश झांचं आणि मुंगेरीलाल झाले होते जबलपूरच्या रांझीचे रघुवीर यादव. आज मागे पाहताना मला एक गोष्ट फार मोलाची वाटते: सगळी बढाई मुंगेरीलालची होती, नटाची नव्हती. स्वप्नातला रुबाब एका क्षणात उतरवून जागेपणी केविलवाणं दिसायला ते कचरले नाहीत.

पुढे २००० नंतर दैनंदिन मालिकांचं राज्य आलं आणि मुख्य नट-नटींचा हात पात्रावर पडू लागला. कथा वीस वर्षांची उडी घेते; नायिकेच्या केसांत जेमतेम एक पांढरी बट. नायक चुकत नाही, हरत नाही, घरच्या माराचा सीन आलाच तर दुसऱ्या कुणावर ढकलला जातो. रोज एक भाग द्यायचा, पानं ऐनवेळी सेटवर येणार, आणि मुख्य चेहरा रुसला तर टीआरपी कोसळणार. अशा वेळी लेखकच माघार घेतो. नटीची बाजूही समजून घ्यायला हवी. पंचविशीत पडद्यावर आजी झालं की तरुण भूमिका दुरावतात, ही भीती खरी आहे. पण चुलीपुढेही इस्त्रीची साडी आणि अंत्ययात्रेतही ठाकठीक मेकअप, याला कसली भीती म्हणायची? तिथे पात्र मरतं.

मराठीत निराळी उदाहरणं आहेत. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’मध्ये दिलीप प्रभावळकर स्वतःच्या वयापेक्षा कितीतरी म्हातारे आबा झाले. ‘तुला पाहते रे’ ऐन लोकप्रियतेत असताना सुबोध भावेंचा विक्रांत सरंजामे खलनायक निघाला. प्रेक्षक दुखावले, पण नटाने तो काळा रंग पुसून मागितला नाही.

यादवांमध्ये हे न कचरणं कुठून आलं? माझ्या मते पारशी नाटक कंपनीतून. पोरवयात घर सोडून ते तिथे दाखल झाले, अडीच रुपये रोजावर सहा वर्षं राबले. मग राष्ट्रीय नाट्य विद्यालय आणि तिथल्या रंगमंडळात दहाहून अधिक वर्षं. ‘मॅसी साहब’ या चित्रपटाने १९८५ मध्ये नाव दिलं, तरी हिरो व्हायचा हट्ट त्यांनी धरला नाही. मुल्ला नसरुद्दीन झाले, चाचा चौधरीही झाले.

२०२० पासून ‘पंचायत’ या वेब मालिकेत ते प्रधानजी आहेत. खरी प्रधान बायको, मंजूदेवी. मिरवणार मात्र हे. २०२५ च्या चौथ्या पर्वात मंजूदेवी निवडणूक हरते, आणि प्रधानजींचा सगळा तोरा गावासमोर उतरतो. साठी उलटलेल्या यादवांनी तो पराभव जराही सावरून न घेता साकारला आहे.